विरजणाची माणसं

पितृपक्षात कुणी लग्न काढत नाही, नवं दुकान उघडत नाही, आणि नाचायलाही फारसं कुणी फिरकत नाही. गणपतीच्या दहा दिवसांनी दमलेलं पुणं त्या पंधरवड्यात जरा निपचित पडतं. म्हणून 'रातराणी' या पार्ट्या भरवणाऱ्या कंपनीचं वर्ष पितृपक्षात सुरू व्हायचं. ऋजुता भोईटे आणि तन्मय पारसनीस हे दोघं भागीदार मुंढव्याच्या एका क्लबात सकाळी दहाला बसायचे आणि पुढच्या बारा महिन्यांचं नियोजन करायचे. कुठल्या शनिवारी कुठला क्लब, कुठला डीजे, किती माणसं, आणि एकतीस डिसेंबरला शहरातली सगळ्यात मोठी पार्टी आपली कशी होईल.

दिवसा क्लब बघवत नाही. रात्री ज्या भिंती मखमली वाटतात त्यांचे पोपडे दिसतात, जमीन चिकचिकत असते, आणि फिनेलच्या वासाखालून शिळ्या बिअरचा वास येत राहतो. ऋजुताला मात्र तो क्लब तसाच आवडायचा. अकरा वर्षांपूर्वी अशाच एका उघड्याबोडक्या हॉलमध्ये तिनं आणि तन्मयनं भिंतीला ब्राउन पेपर चिकटवून पहिलं ध्येय लिहिलं होतं : 'पोलीस न येता बारा कार्यक्रम.' त्या वर्षी नऊ झाले. तीन कार्यक्रमांना पोलीस आले. पण पुढच्या वर्षी त्यांनी न घाबरता 'वीस' लिहिलं.

त्या दिवशी तन्मय लाऊडस्पीकरच्या परवानगीसाठी पोलीस आयुक्तालयात अडकला होता. 'दुपार होईल, तू सुरू कर,' असा त्याचा निरोप आला. ऋजुतानं थर्मासमधला चहा ओतला, आपत्कालीन दरवाजा उघडून ऊन आत घेतलं आणि टॅबवर नियोजनाचा प्रोग्राम, नियोजक, सुरू केला.

ब्राउन पेपरची जागा नियोजकानं घेतली त्याला तीन वर्षं झाली होती. त्याच्याही आधी मनगटपट्ट्या आल्या. दारावर तिकिटाऐवजी हातात बांधायची रबरी पट्टी, पाहुण्यांना आणि भागीदारांनाही. ती नाडी मोजायची, श्वास ओळखायची, पायांचा ठेका टिपायची. पट्ट्यांनी गोळा केलेल्या आकड्यांवरून दोन तरुण संशोधकांनी एक जुनीच गोष्ट नव्यानं दाखवून दिली होती. लंबकाची दोन घड्याळं एकाच भिंतीवर टांगली तर काही वेळानं दोन्ही लंबक एकमेकांशी जुळवून घेतात. भिंतीतून जाणारा बारीकसा कंप त्यांना पुरतो. जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणाऱ्यांनीही हेच पाहिलेलं असतं. आधी हजारो काजवे आपापल्या तंद्रीत लुकलुकतात, आणि मग एकाएकी अख्खं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं. माणसांच्या गर्दीतही तसंच होतं. बघणं, ऐकणं, खांद्याला खांदा लागणं, ही गर्दीतली भिंत. एका ठेक्यावर हलणाऱ्या माणसांचे श्वास जुळतात आणि श्वासांमागून नाड्याही जवळ येतात. साधारण तीस टक्के लोक असे जुळले की उरलेल्यांना वेगळं राहणं अवघड होतं. लोक ज्याला 'काय माहौल होता' म्हणतात, तो हाच क्षण. पट्ट्या त्याला गुण देत. त्या गुणांना 'एकलय' म्हणत.

पहिले तीस टक्के कुणामुळे जुळतात, हा खरा प्रश्न होता. डीजेमुळे, असं सगळेच समजत होते. पट्ट्यांनी सांगितलं, काही थोड्या माणसांमुळे. ती माणसं फार छान नाचत असत असं नाही. पण आजूबाजूच्या गोंधळानं त्यांचा ठेका ढळत नसे, आणि नाचताना ती अनोळखी माणसाकडे अशी बघत की तो त्यांच्यात ओढला जाई. चारशेत एखादं माणूस असं निघे. संशोधकांनी त्यांना लांबलचक नाव दिलं होतं. तन्मयनं ते वाचलं आणि हसून म्हणाला, "अगं, हे तर विरजण! चमचाभर टाकलं की अख्खं पातेलं लागतं."

तेव्हापासून 'रातराणी'त त्यांना विरजणाची माणसं म्हणायला लागले. ती एकूण बारा सापडली. बारांपैकी चार जण जरी आले तरी कार्यक्रम पडत नसे.

नियोजक उलटा चालायचा. तुम्ही वर्षाचं ध्येय सांगायचं, मग तो एकतीस डिसेंबरपासून मागे मागे येत आजच्या दिवसापर्यंतची पावलं लिहून द्यायचा. कुणाला कधी पास पाठवावा, कुणाच्या वाढदिवसाला फोन करावा, कुणाच्या मित्राला सोबत बोलवावं. स्वतः तो काहीच करायचा नाही. प्रत्येक पावलासमोर 'मान्य' अशी चौकट असायची, आणि दोघांपैकी एका भागीदारानं तिथं बोट टेकवल्यावरच पाऊल पडायचं.

पहिल्याच वर्षी ऋजुतानं एक अट घातली होती. या माणसांची नावं आपण बघायची नाहीत. नियोजकात ती वि-एक, वि-दोन अशी आकड्यांनीच राहतील, आणि नावं उघडायची तर दोघांची बोटं लागतील. "लोक आपल्याकडे मजा करायला येतात तन्या, त्यांच्या फायली कशाला करायच्या?" ती म्हणाली होती. या अटीचा तिला बराच अभिमान होता.

दरवर्षी कामाची वाटणी ठरलेली असे. ऋजुता कार्यक्रम बघायची, तन्मय 'अडथळे' नावाचं पान बघायचा. आज तो नव्हता म्हणून तिनं ते पान उघडलं.

पहिलाच अडथळा लाल अक्षरांत होता.

'वि-एक : पुढील वर्षी मेनंतर उपलब्ध नसण्याची शक्यता ६८ टक्के. वाईजवळ घर बघत आहे. व्यवसायातून बाहेर पडण्याचा विचार. स्रोत : भागीदाराची नोंद, सोळा सप्टेंबर, जेवताना.'

ऋजुता दोनदा वाचून गेली तरी तिला काही वाटलं नाही. बिचाऱ्याला कंटाळा आला असेल, एवढंच मनात आलं. मग ती तिसऱ्यांदा वाचायला लागली आणि 'वाई'पाशी थांबली.

वाईजवळ, कृष्णेच्या काठाला, तीच घर बघत होती. जुनं, दोन खोल्यांचं, मागे चिक्कूची झाडं असलेलं. ही गोष्ट तिनं फलटणला आईलाही सांगितली नव्हती. फक्त एका माणसाला सांगितली होती, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. टिळक रोडवर थालीपीठ खाताना. "अजून कुणाला बोलू नकोस हं," असंही वर म्हणाली होती.

तिनं वि-एकचं जुनं पान उघडलं. त्याला दोघांची बोटं लागत नव्हती. नाव झाकलेलं होतं, बाकी सगळं उघडं होतं. तीन वर्षांची पावलं तारीखवार खाली उतरत गेली होती.

वि-एक फ्लोअरवर असली की एकलय सरासरी एकवीस गुणांनी वाढते, असं सगळ्यात वर लिहिलं होतं. बारांपैकी इतर कुणाचाच आकडा अकराच्या वर नव्हता. त्याखाली ध्येय होतं : 'वि-एकला वर्षातून किमान चाळीस रात्री फ्लोअरवर ठेवणे.' ऋजुताला आठवलं, तिनं ऑफिसची बाजू सांभाळायची असं ठरलं होतं तेव्हा तन्मयच म्हणाला होता, "छे, तू गर्दीत हवीस, तुला लोकांची नाडी कळते." ती खूश झाली होती.

आणि मग दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी आला.

'वि-एक विवाहाच्या विचारात. जोडीदार : ओजस जहागीरदार, मृदाशास्त्रज्ञ, दापोली. विवाहानंतर दापोलीला स्थलांतर संभवते. सुचवलेलं पाऊल : जोडीदाराच्या नजरेस परदेशातली संधी आणणे.' समोर 'मान्य'. त्याखाली तन्मयचं नाव आणि वेळ, सकाळी अकरा वाजून चार मिनिटं.

मेमध्ये ओजस हॉलंडच्या एका संशोधन संस्थेत निघून गेला होता. तीन वर्षांसाठी. आधी रोज फोन यायचे, मग आठवड्यानं, मग त्यानं एक मोठं पत्र लिहिलं. त्यात 'तुला बांधून ठेवणं बरोबर नाही' असं वाक्य होतं. ऋजुता त्या पावसाळ्यात वाळून काडी झाली होती. तिला त्यातून कुणी बाहेर काढलं असेल तर तन्मयनं. आठवड्यातून दोनदा तो तिला जेवायला न्यायचा. ओजसचं नाव चुकूनही काढायचा नाही. तिच्या आईच्या गुडघ्याबद्दल विचारायचा, फलटणच्या आठवणी काढायला लावायचा, आणि शेवटी म्हणायचा, "शनिवारी ये. नाचू नकोस हवं तर. नुसती उभी राहा."

तिनं पान खाली सरकवलं.

'भागीदाराने आठवड्यातून दोनदा सोबत जेवावे. जोडीदाराचा विषय टाळावा. आईची प्रकृती, बालपण हे विषय चालतील. फ्लोअरवर येण्याचा आग्रह धरू नये. नुसते उभे राहण्यास सुचवावे.'

'मान्य.' 'मान्य.' 'मान्य.' 'मान्य.'

कपातल्या चहाला साय धरली होती. लादी पुसणाऱ्या शकुंतलाबाई तिच्या पायांशी आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, पाय वर घेता का जरा?" ऋजुतानं पाय वर घेतले आणि बाई पुसून गेल्यावरही ती तशीच बसून राहिली.

तन्मय एकच्या सुमाराला आला. हातात वडापावची पुडी, कपाळावर घाम. "मिळाली परवानगी! तो साहेब म्हणजे..." असं बोलत तो टेबलाशी आला आणि त्याला पडद्यावरचं पान दिसलं. त्यानं पुडी हळूच खाली ठेवली.

"ऋजू, तू अडथळ्यांचं पान कशाला उघडलंस?"

"हे विचारतोयस तू मला?"

तो बसला. मग म्हणाला, "मी त्याला हाकललं नाही. एका ओळखीच्या माणसाला सांगितलं, की ओजसला त्या जागेची जाहिरात पाठव. बस. अर्ज त्यानं केला. मुलाखत त्यानं दिली. मी काही खोटं केलं नाही गं."

"आणि जेवणं?"

"ती मी तशीही जेवलो असतो तुझ्याबरोबर."

"मग लिहून कशाला होती?"

"मला कळत नव्हतं काय बोलावं!" त्याचा आवाज चढला. "तू समोर बसून नुसती रडायचीस. मी कधी कुणाला असं सावरलेलं नाही. त्यात लिहिलेलं असायचं, हे बोल, ते बोलू नको. मी तेवढंच केलं. तुला बरं वाटलं ना? वाटलं की नाही?"

"वाटलं," ऋजुता म्हणाली. "तेच तर."

बाहेर टेम्पो मागे घेताना वाजतो तसा पिपाणीचा आवाज येत होता. दोघंही तो थांबायची वाट बघत राहिले.

"मी सोडून गेले असते तर 'रातराणी' बंद पडली असती का?" तिनं विचारलं.

"पडली असती कदाचित. तुला आकडा दिसतोय ना? एकवीस. आपण दोघांनी उभं केलेलं आहे हे."

"मग मला सांगायचं होतंस. समोर बसून सांगायचंस, की ऋजू, तू गेलीस तर मी बुडतो. मी थांबले असते, तन्या. खरंच थांबले असते त्या वेळी. ओजसला म्हणाले असते, तूच पुण्याला ये."

तन्मयनं मान खाली घातली. "हे मला सुचलं नाही."

"यानं सुचवलं नसेल म्हणून." तिनं पडदा आपल्याकडे वळवला. "एक सांग. मला कधीतरी कळेल, ही शक्यता यानं धरली होती?"

"हो."

"मग कळल्यावर काय करायला सांगितलंय तुला?"

त्यानं टेबलावरची वडापावची पुडी उगाच सरळ केली.

"सांग ना."

"माफी मागायला," तन्मय म्हणाला.

ऋजुता त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे डोळे भरले होते. ते खरंच भरले असतील, असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी हेही वाटलं की आता हे ठरवायला आपल्याकडे काहीच साधन उरलेलं नाही. अकरा वर्षांच्या ओळखीचा हा माणूस. त्याची रडण्याची पद्धतसुद्धा तिला ओळखता येत नव्हती.

"माग मग," ती म्हणाली.

त्यानं तोंड उघडलं, आणि माफी मागायच्या आधी त्याची नजर पडद्याकडे गेली.

ती उठली तेव्हा तो एकदम म्हणाला, "तूही काही कमी नाहीस, ऋजू. गेल्या वर्षी मार्चमध्ये मी गोव्याला होतो तेव्हा पावलं तू बघितलीस. वि-नऊ आठवतोय?"

तिला आठवायला वेळ लागला. वि-नऊची पुण्याबाहेर बदली होणार होती, बढतीसकट. 'वरिष्ठांशी ओळख उपलब्ध. शब्द टाकल्यास बदली रद्द होऊ शकते.' तिनं घाईत वाचलं होतं. पुणं सोडून जायला कुणाला आवडतं, त्याचं भलंच होईल, असं तिच्या मनात आलं होतं. मग दुसऱ्या फोनवर बोलत बोलत तिनं बोट टेकवलं होतं. ओळखीचा माणूसही तिचाच होता. नियोजकानं लिहून दिलेला दोन ओळींचा निरोप, त्यातलं नाव झाकलेलं असतानाच, तिनंच पाठवला होता.

"नावं उघड," ती म्हणाली. "दोघांची बोटं लागतात."

तन्मयनं बोट ठेवलं. तिनं ठेवलं. बारा नावं पडद्यावर आली. सगळ्यात वर तिचं होतं. नववं होतं, विलास गुरव.

त्याला ती ओळखत होती. डाव्या स्पीकरजवळ उभा राहणारा, चष्मा गळ्यात अडकवून नाचणारा, विमा कंपनीतला हसरा माणूस. ती दिसली की लांबूनच दोन्ही हात वर करून ओरडायचा, "ताई!"

ऋजुतानं पर्स उचलली आणि ती निघाली.

गाडीत बसून तिनं ओजसला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिकडे सकाळ होती. तिनं सगळं एका दमात सांगितलं, जाहिरात कुणी पाठवली, का पाठवली. तो चिडेल, तन्मयला शिव्या देईल, निदान 'म्हणजे आपण उगाच...' असं काहीतरी म्हणेल, याची ती वाट बघत होती.

फोनमधून वाऱ्याचा आवाज आला. तो सायकलवरून उतरून कुठेतरी उभा असावा.

"ऋजुता," तो शेवटी म्हणाला, "ती जाहिरात माझ्याकडे आधीच होती. दोन महिने होती. अर्ज करायचं धाडस होत नव्हतं. दुसऱ्या माणसानं पाठवली तेव्हा वाटलं, चला, आता कुणीतरी म्हणतंय."

"म्हणजे तुला जायचंच होतं?"

"तुला सांगवत नव्हतं."

तिनं फोन ठेवला. राग कुणावर करावा, हेही त्यानं धड ठेवलं नव्हतं. नियोजकानं कुणाला ढकललं नव्हतं. कोण कुठल्या बाजूला कलंडलाय, तेवढं बघून तिथं बोट लावलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते बोट कुणातरी माणसाचं होतं.

पुढच्या आठ दिवसांत ती अकरा जणांकडे गेली. भागीदारी सोडण्याचे कागद वकिलाकडे देऊन झाले होते. आता हेच एक काम उरलं होतं. बाणेरची एक दंतवैद्य हसत सुटली, "मी? विरजण? माझ्या नवऱ्याला सांगा हो जरा." एका मुलीनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. कोथरूडच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं, "मग आता पास येणार नाहीत का?" बहुतेकांचं फार काही बिघडलं नव्हतं. कुणाला चार फोन जास्त आले होते, कुणाच्या मुलीला पाळणाघरात लवकर जागा मिळाली होती. ऋजुताला हलकं वाटायला लागलं होतं. विलास गुरवकडे ती मुद्दाम शेवटी गेली.

तो धनकवडीला एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहत होता. रविवारची सकाळ होती. दार एका वयस्कर बाईंनी उघडलं. त्यांनी तिला आत घेतलं, पंखा लावला, पाणी दिलं.

"विलास खाली दूध आणायला गेलाय. बसा हो. चाय ठेवते. ऑफिसातल्या काय तुम्ही?"

"नाही, मी... ओळखीची."

"बरं झालं आलात. इथं कुणी येतच नाही बघा. गावाला दार उघडं असलं की दहा माणसं डोकावतात." त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या. ती खुर्ची रोजची असावी. दोन्ही हातांची जागा झिजून पांढरी पडली होती. "यांना जाऊन दहा महिने झाले. मग विलास म्हणाला, एकटी राहू नको. देवरूखचं घर बंद करून आणलंन मला."

ऋजुताच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

विलास आला. तिला बघून त्यानं हात वर केले नाहीत. पिशवी आईच्या हातात दिली आणि म्हणाला, "आई, ऑफिसच्या आहेत. आम्ही बाहेर बोलतो." दार ओढून घेऊन तो जिन्याच्या कठड्याशी उभा राहिला.

"काल तन्मयसर येऊन गेले," तो म्हणाला.

ऋजुतानं विचारलं, "काय म्हणाले?"

"माफी मागितली. म्हणाले, माझी बदली कशी रद्द झाली ते मला कळायला हवं. निर्णय ताईंचा होता म्हणाले. निरोपही तुम्हीच पाठवलात म्हणे. ते तेव्हा गोव्याला होते." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "खरं आहे?"

सांगण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं. नियोजकात ते पाऊल कुणी येऊ दिलं. अशी पावलं कोण तीन वर्षं मान्य करत होतं. तिचं स्वतःचं नाव त्या यादीत सगळ्यात वर कसं होतं. तन्मयनं येऊन जे सांगितलं त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि त्यानं काय सांगितलं नाही ते तिला नीट कळत होतं.

"खरं आहे," ती म्हणाली. "बोट मीच ठेवलं."

विलासनं मान हलवली. रागावायची तयारी करून आलेल्या माणसाला समोरून भांडणच मिळू नये, तसा तो क्षणभर रिकामा उभा राहिला.

"रत्नागिरीची बदली मी मागून घेतली होती, ताई. साडेतीन वर्षं मागत होतो. बाबा अंथरुणाला खिळलेले. आई एकटी त्यांना उचलायची, या वयात. रत्नागिरीहून देवरूख दीड तास. रोज जाऊन-येऊन केलं असतं." तो थांबला. "नोव्हेंबरात ते गेले. मी पोचलो तेव्हा सगळं आटपून लोक अंगणात बसले होते."

"मला माहीत नव्हतं, विलास. मला वाटलं, पुण्यात राहायला मिळतंय तर..."

"तुम्ही विचारायचं होतं." आवाज अजिबात चढला नाही. "दर शनिवारी मी तुमच्यासमोर उभा असायचो. दहा पावलांवर. एकदा विचारलं असतं, गुरव, जायचंय का रे तुला?"

आतून त्याच्या आईनं हाक मारली, चहा झालाय म्हणून. त्यानं "आलो" म्हणून उत्तर दिलं, पण तो हलला नाही.

"बदली रद्द झाल्याचं पत्र शुक्रवारी आलं," तो म्हणाला. "शनिवारी दुपारी तुमचा पास आला. वर लिहिलं होतं, 'गुरव, आज येच.' मला वाटलं, आपलं कुणीतरी आहे या शहरात. माझी अवस्था कळली यांना. मी आलो, ताई. त्या दिवशी मी जितका नाचलो ना, तितका आयुष्यात कधी नाचलो नाही. लोक माझ्याभोवती गोल करून उभे होते. तुम्ही लांबून टाळ्या वाजवत होतात."

त्यानं दाराला हात लावला. मग वळून, आत ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाला,

"चहा घेऊन जा. आईनं टाकलाय. तिला यातलं काही सांगू नका."

ऋजुता आत गेली. त्याच्या आईनं कपबशी तिच्या हातात दिली, सोबत दोन खारी दिल्या, आणि तिच्याजवळ खुर्ची ओढून बसत विचारलं, "तुम्हाला आईवडील आहेत ना हो?"

"आई आहे," ऋजुता म्हणाली.

"मग तिच्याजवळ राहायचं हां," त्या म्हणाल्या, आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून, उत्तराची वाट बघत, तिच्याकडे मायेनं बघत राहिल्या.